ओठ मिटले पाहिजेत

कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत सकाळी साडेदहाला तीन नमुने दाखवायचे होते. प्रत्येक नमुना वीस सेकंदांचा. गोष्ट तिन्हींत एकच होती. एक निवृत्त गृहस्थ बाजाराला निघतो. बायको दारातून म्हणते, "अहो, पिशवी विसरलात!" त्याला ऐकू जात नाही, आणि तासाभराने तो शर्टाच्या ओच्यात लिंबं सांभाळत जिना चढतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानात मशीन असतं आणि तो पहिल्याच हाकेला मागे वळतो.

पहिला नमुना थ्रीडी होता, दुसरा हाताने काढलेला, तिसरा कागदाचे तुकडे कापून हलवलेला. बनवणारी माणसं दोन. एक चित्रकार, चाळिशी ओलांडलेली, पेन्सिल कानावर ठेवायची सवय असलेली. दुसरा तिचा कॉलेजपासूनचा मित्र आणि आता भागीदार. तो इंजिनिअर नव्हता, पण यंत्रांशी त्याचं माणसांपेक्षा बरं जमायचं म्हणून सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत दोघांचा स्टुडिओ होता. गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या नमुन्याची तरफदारी करायची नाही, असा त्यांचा पंधरा वर्षांचा शिरस्ता होता.

कंपनीचा मालक हाताची घडी घालून बघत होता. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून खुर्ची त्याची होती, आणि खुर्चीला शोभावी म्हणून राखलेली भरघोस मिशीही. त्याची धाकटी बहीण तळमजल्यावरचं तपासणी केंद्र चालवायची. कोपऱ्यात त्यांची आई बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती कानातल्या मशीनचा साचा साफ करून घ्यायला आली होती, आणि खाली गर्दी होती म्हणून मुलीने वर आणून बसवली होती.

"थ्रीडी," मालक म्हणाला. "बाकीचे दोन छानच आहेत, पण पोरांच्या पुस्तकातले वाटतात. दीड महिन्यावर प्रदर्शन आलंय. समोरच्या स्टॉलवर सगळं चकचकीत असणार. आपण काय तिथे कागद फडफडवत बसायचं?"

"दादा, दुसऱ्यातली बाई खरी वाटते," बहीण म्हणाली. "या पहिलीला प्लास्टिकच्या डब्यातून नुकतंच काढलंय असं वाटतंय."

"प्लास्टिक विकतोच आपण."

यावर इंजिनिअर हसला आणि लगेच गंभीर झाला. थ्रीडी त्याचं होतं. चित्रकाराने वहीत 'थ्रीडी' असं लिहून खाली रेघ मारली. दुसरा नमुना तिचा होता. तिला वाईट वाटलं, पण तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही.

निघताना बहीण आईकडे वळली. तिच्या समोर येऊन, सावकाश, तोंड नीट दाखवत तिने विचारलं, "आई, तुला कुठलं आवडलं?" ठरून गेलं होतं. विचारणं नुसतं विचारायचं म्हणून होतं.

"रंग छान आहेत," आई म्हणाली. "पण ती बाई काय म्हणतेय?"

"पिशवी विसरलात."

"नाही. तसं नाही म्हणत ती."

"अगं, तसंच म्हणतेय. आवाज वाढवू का?"

"आवाज येतोय गं. शब्द कळत नाही. पिशवी म्हणायचं तर आधी ओठ मिटायला हवेत. तिचे मिटतच नाहीत. तिघींचेही नाहीत मिटत."

मालक घड्याळ बघत म्हणाला, "आई, ते कार्टून आहे."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीने त्याचं वाक्य परत म्हणून दाखवलं. तेव्हा आई म्हणाली, "कार्टून झालं म्हणून काय झालं? तोंड उघडं ठेवून प म्हणता येतो का? म्हणून बघा कुणीतरी."

कोणी म्हटला नाही. पण लॅपटॉप बंद करता करता इंजिनिअरचा जबडा हळूच हलला. त्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नुसती हवा बाहेर पडली.

जिना उतरताना चित्रकार म्हणाली, "आपण तोंडाचे आकार किती वापरले?"

"मी आठ. सॉफ्टवेअर आवाजावरून आपोआप लावतं. वेग जास्त असला की मधले गाळतं. तू?"

"पाच."

"कागदाच्या बाईला दोनच. उघडं आणि बंद. आणि बंदही गप्प बसल्यावरच. मग?"

"मग काय? ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फिल्म करतोय आपण, आणि आपली माणसं ओठ हलवण्याचं नाटक करतायत."

"फिल्म त्यांची मुलं बघणार. मशीन मुलंच घेऊन देतात." हे खरं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "काम मिळालंय. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस. आणि राग मानू नकोस, पण तुझा नमुना पास झाला असता तर तुला हे ओठ दिसले असते का?"

तिने मनात तपासून पाहिलं आणि त्यात थोडं तथ्य निघालं.

दोन दिवसांनी तिने मालकाच्या बहिणीकडून पत्ता घेतला आणि त्यांच्या आईच्या घरी गेली. बरोबर वही आणि पेन्सिल घेतली होती. आईने दार उघडलं, तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "आता बोल. खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाशी मी बोलतच नाही. नुसती सावली दिसते."

"काकू, मला ओठ शिकायचेत."

आईला ते पहिल्यांदा कळलं नाही. 'ओठ'च्या जागी तिला भलतंच काहीतरी दिसलं असावं, कारण ती चहा ठेवायला उठली. चित्रकाराने वहीत ओठ काढून दाखवले. मग आई हसली आणि आतून हातआरसा घेऊन आली.

आईला तिसाव्या वर्षापासून ऐकू कमी येत गेलं होतं. मशीन आवाज आणून द्यायचं, शब्द ती ओठांवरून उचलायची. तिने आरसा चित्रकाराच्या हातात दिला. "माप म्हण. आता पाप म्हण. आता बाप म्हण."

चित्रकाराने तिन्ही म्हटले. आरशात एकच शब्द तीनदा दिसला.

"बघितलंस? माझे यजमान कानाच्या साच्यासाठी लोकांची मापं घ्यायचे. घरी येऊन सांगायचे, आज चार मापं घेतली. मला दिसायचं, आज चार पापं घेतली. मी म्हणायचे, अहो, मग आंघोळ करून घ्या."

"मग माप की पाप, हे कळायचं कसं?"

"तोंडावरून. पाप म्हणणाऱ्याच्या भुवया वेगळ्या असतात. आणि क, ग तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. ते आपण आपले भरायचे. पण जे दिसतं ते तरी खरं दिसायला हवं ना? पहिला ओठ मिटला की मी हुशार होते. तो मिटलाच नाही तर मी चुकीच्या गावाला जाते."

चित्रकार काढत राहिली. ल म्हणताना जीभ दातांमागे किती दिसते, व म्हणताना खालचा ओठ कुठे टेकतो, 'विसरू'च्या शेवटी तोंड कसं गोल होऊन पुढे येतं. आई शब्द म्हणायची, थांबायची, परत म्हणायची. मध्येच म्हणाली, "माझे यजमान दाढीला साबण लावलेला असताना हाक मारली तर आधी ओठ पुसायचे, मग बोलायचे. मुलगा मिशीतल्या मिशीत बोलतो. तो काय म्हणाला ते मी मुलीला विचारते." तिने ते हवापाण्यासारखं सांगितलं आणि पुढचा शब्द घेतला. चित्रकाराने ही गोष्ट पुढे कुणाला सांगितली नाही.

ती चार वेळा गेली. वहीत तेवीस आकार झाले. मग तिने आपला वीस सेकंदांचा नमुना पहिल्या चित्रापासून परत काढला. बाईला दारात उभी केली तेव्हा उजेड समोरून पाडला आणि कॅमेरा जवळ आणला. काम नऊ दिवस चाललं. पलीकडच्या खोलीत इंजिनिअर ठरल्याप्रमाणे थ्रीडी फिल्म पूर्ण करत होता. हे तेवीस आकार त्याच्या बाईला बसवता येतील का, असं तिने विचारलं. त्याने वही चाळली. "एका चेहऱ्याला महिना जाईल. पूर्ण फिल्ममध्ये चेहरे तीन आहेत. प्रदर्शन चार आठवड्यांवर आलंय. गणित तूच कर."

बहिणीने एक दुपार दिली. तपासणी केंद्रात नंबरची वाट बघत अकरा जण बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, आधी थ्रीडी लावलं, आणि बहिणीने प्रत्येकासमोर जाऊन विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

"काहीतरी चघळतेय," एक आजोबा म्हणाले.

"गाणं म्हणतेय का?"

"दात दुखत असेल बिचारीचा."

मग हाताने काढलेली फिल्म लावली. पहिल्या रांगेतला निवृत्त बसड्रायव्हर शेवटापर्यंत थांबलाच नाही. "पिशवी विसरलात!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आतला तपासनीस बाहेर डोकावला. "अहो, माझी बायको रोज हेच म्हणते. मी तिच्याकडे न बघता निघतो म्हणून बरं चाललंय."

अकरापैकी आठ जणांनी पूर्ण वाक्य सांगितलं. दोघांना नुसतं 'विसरलात' कळलं. एका बाईंनी चष्माच आणला नव्हता.

मालक सहीचे कागद घेऊन खाली आला होता. तो दारातच उभा राहिला. कोणी त्याला मुद्दाम बोलावलं नव्हतं, आणि त्यामुळेच बहुधा तो थांबला. ड्रायव्हर ओरडला तेव्हा त्याने कागद खाली ठेवले. "पहिलं परत लावा," तो म्हणाला. ते बघितलं. "आता दुसरं." तेही बघितलं. या वेळी तो बाईच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचे स्वतःचे ओठ किंचित हलत होते.

"प्रदर्शनाला थ्रीडीच जाईल," अखेर तो म्हणाला. "तिथे व्यापारी येतात, त्यांचे कान ठणठणीत असतात. इथे केंद्रात हे लावा. पूर्ण फिल्म याच पद्धतीने करा."

"एकाच कंपनीच्या दोन तऱ्हेच्या फिल्म्स?" चित्रकार म्हणाली. तिला ही अडचण खरोखर वाटत होती. "ब्रँड एक दिसायला हवा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"दुतोंडी म्हणतील लोक," बहीण म्हणाली.

"म्हणू देत. एका तोंडाने तरी नीट बोलतोय ना."

तो कागद उचलून वर गेला. बहीण बराच वेळ जिन्याकडे बघत राहिली, मग तिने पुढचा नंबर पुकारला. अर्थातच कुणी उठलं नाही. मग तिने हाताने खूण केली.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात इंजिनिअरने थ्रीडीची अंतिम प्रत तपासायला दिली. चित्रकाराने ती एकदा पाहिली, मागे नेली, परत पाहिली. बाई अजूनही डब्यातून काढल्यासारखीच होती, जीभ नव्हती, गाल हलत नव्हते. पण प, ब, म आला की तिचे ओठ मिटत होते. प्रत्येक वेळी. चोवीस ठिकाणी त्याने सॉफ्टवेअर बंद करून हाताने ओठ मिटवले होते.

"हे कधी केलंस?"

"जेवणाच्या सुट्टीत." तो स्क्रीनकडेच बघत होता. "म्हातारीने म्हणून बघायला सांगितलं होतं ना. डोक्यातून जाईना. घरी भांडी घासतानाही मी तोंड उघडं ठेवून प म्हणून बघत होतो. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखव."

प्रदर्शन बरं झालं. व्यापाऱ्यांनी माहितीपत्रकं नेली, काहींनी मागणीही नोंदवली. ओठांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हाताने काढलेली पूर्ण फिल्म दोन महिन्यांनी केंद्रात लागली. आईने ती बघितली आणि सांगितलं की बाई चांगली बोलते, नवरा मात्र बोलताना फार मान हलवतो. चित्रकाराने नवऱ्याची मान सरळ केली. त्यात आणखी तीन दिवस गेले.

पावसाळा सरला, कामं बदलली. स्टुडिओत आता एका टायर कंपनीची फिल्म चालू होती आणि इंजिनिअर रबराला चमक किती द्यावी याची चिंता करत होता. एका सकाळी मालकाचा फोन आला. शेजारच्या भागात, जिथे दुसरी भाषा बोलतात, तिथे त्यांनी दोन केंद्रं उघडली होती.

"केंद्रातली फिल्म त्यांच्या भाषेत हवीय," तो म्हणाला. "आवाज बदलून द्यायला किती दिवस लागतील?"

"आवाजाला एक दिवस. ओठांना दीड महिना."

ती वाट बघत राहिली. थ्रीडीवर भागवा, नाहीतर नुसता आवाजच बदला, असं काहीतरी येईल असं तिने धरलं होतं आणि उत्तरही तयार ठेवलं होतं.

"दीड महिना," मालक म्हणाला. "घ्या. आणि तिथलं ओठ वाचणारं कुणी लागेल ना तुम्हाला? आमच्या तिथल्या केंद्रात एक आजी येतात. मी विचारतो त्यांना."

तिने फोन ठेवला आणि नवी वही काढली. इंजिनिअरने टायरवरून मान न वळवता विचारलं, "त्या भाषेत पिशवीला काय म्हणतात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "ओठ मिटतात का, तेवढं आधी विचारू."