पाठमोरा बद्रीनाथ

पडेगावच्या बद्रीनाथाचा फोटो असा कुठं नव्हताच. पोलिस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी त्याचं लगीन झालं. फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं, तसा नवरदेव बाशिंगासकट जो पळाला, तो थेट दौलताबादच्या किल्ल्यावर. वऱ्हाडानं त्याला तोफेमागून ओढून काढला म्हणतात. फोटोत आली एकटी नवरी, वच्छला, आन् शेजारी रिकामा पाट.

आता तो गेला. वर्षश्राद्धाला सहा महिने होते, तवा लेक काकासाहेब म्हणला, "माय, हार घालायला भिंतीवर बापाचं काही पाहिजे का नाय? पेंटरकडून काढून घे."

कमरोद्दीन पेंटर वच्छलाबाईच्या ओळखीचाच. क्रांती चौकात त्याच्या दुकानाच्या पायरीशी ती मेथी-शेपू घेऊन बसायची. ती सांगत गेली, तो कोळशानं काढत गेला. नाक सरळ, मिशा जाड, डोळे मोठे. कागदावर जो माणूस उतरला त्याला बघून तिनं भाजीची पाटी जवळ ओढली.

"ह्यो कोण चोरटा?"

"तुमीच तो बोले, भाभी."

"मग आण तो कोळसा हिकडं."

असं पन्नाशी उलटल्यावर वच्छलाबाईचं शिक्षण सुरू झालं. गिऱ्हाईक नसलं की रद्दीच्या कागदावर माणसं ओढायची. तिनं काढलेला पहिला माणूस बघून चौकातल्या एका गाढवानं वाट बदलली, ते पुन्हा त्या बाजूला फिरकलं नाय.

"नाक से नको शुरू करो, भाभी," कमरोद्दीन म्हणायचा. "पूरा माणूस अपनी साडेसात मुंडियों जितना ऊँचा होता. वो हिसाब पकडो."

"आमच्या माणसाला एकच मुंडकं होतं, कमरूभाई. आन् तेबी कुणाचं ऐकत नव्हतं."

तो हसायचा आन् पुन्हा सांगायचा, "पहले वजन देखो. किस पाँव पे खडा है? वो पाँव पकडो, बाकी माणूस पीछे पीछे आता."

मग ती पाय बघाया लागली. हमालाचे, शिपायाचे, बसची वाट बघणाऱ्या लेकुरवाळीचे. बघायचं, चटकन ओढायचं, टाकून द्यायचं. हळूहळू हात असा वळला, की एकदा तिनं म्हैस काढली तर दुसऱ्या दिवशी कागदाला शेणाचा वास यायला लागला.

पण ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं, ते तोंड काही उतरंना. मिशा यायच्या पोलीस पाटलाच्या, डोळे यायचे कमरोद्दीनचे. कागदामागं कागद गेले आन् एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याचं तोंड तिनं डोळे भरून कधी बघितलंच नव्हतं. दिवसा सासू-सासऱ्यांपुढं नजर खाली. राती दिवा मालवलेला. सासू-सासरे गेले तवर खाली बघायची सवयच पडलेली. उद्या बघू, निवांत बघू म्हणता म्हणता उद्याच सरला.

तिनं कोळसा खाली ठेवला. "नाय जमायचं, कमरूभाई."

"भाभी, तुमने उनका सबसे ज्यादा क्या देखा?"

"पाठ," वच्छलाबाई म्हणली. "बाजारच्या वाटंला ते पुढं, मी मागं. सारा जन्म."

"तो पाठ निकालो."

कोळसा उचलला तो तिनं खाली ठेवलाच नाय. पडलेला उजवा खांदा, मानेवर आलेला पटक्याचा शेमला, धोतराचा वर खोचलेला सोगा, फेंगडी चाल. बद्रीनाथ सपासप उतरला. जणू कागदाच्या मागं उभा राहून वाटच बघत होता.

कमरोद्दीननं लई वेळ बघितलं. "सब बराबर. बस एक गलती है. चलता आदमी है ना? वजन अगले पाँव पे आना. तुमने पिछले पे डाला. ये तो रुक रहा."

ती चूक पुसायला गेली, आन् हात तसाच राहिला.

खाम नदीचा पूल ओलांडला की चढ लागायचा. डोक्यावर पाटी, तिला दम लागायचा. बायकोकडं वळून बघणाऱ्या गड्याला लोक हसायचे, म्हणून तो कधी वळला नाय. पण नेमका तिथंच खाकरायचा, वहाण नीट करायचा, चाल ढिली करायचा. आन् ती मागून चरफडायची, 'बाजार उठायला आला, आन् ह्यांचं इथं खाकरणं चालू.'

"चुकलं नाय," ती म्हणली. "ह्ये चढावरचं हाय. थांबायलेतच ते."

"किसके लिए?"

वच्छलाबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं. मेथी ओलीच होती.

श्राद्धाच्या दिवशी काकासाहेब हार हातात घेऊन भिंतीपुढं घुटमळला. "माय, हार पाठीला घालू? लोक म्हणतील, बाप रुसून बसलाय."

तेवढ्यात वच्छलाबाईची धाकटी जाव सरूबाई ताट घेऊन आत आली. थोरल्या दिरापुढं ती कधी उघड्या तोंडानं उभी राहिली नव्हती. भिंतीकडं नजर गेली, तसा तिनं पदर नाकापोतर ओढला आन् दाराआड सरली.

"आधी सांगायचं की वो बाई, ते आत हायेत म्हणून," ती पुटपुटली. मग तिचं तिलाच कळलं, आन् ताट तिनं उंबऱ्यावरच टेकवलं.

काकासाहेबानं गुपचूप हार घातला.

दिवस कलल्यावर पाहुणे पांगले. वच्छलाबाई भिंतीपसून जरा अंतरावर बसली. वाटंनं ठेवायची तेवढंच अंतर. तिनं खाकरून बघितलं, त्याच्यासारखं. तो वळला नाय.

"नका वळू," ती म्हणली. "थांबा तिथंच चढावर. पुढून तोंड काढायचं अजून शिकते मी. जमलं तर कागदावर बघीन. नाय जमलं, तर तुमच्या पुढं येऊन बघीन."

आन् कोळसा घेऊन तिनं नव्या कागदावर आधी पाय ओढला, वजन असतं तो.