गंगाजळीच्या टाळ्या

खेळघराच्या वार्षिक सभेत तात्या खजिनदारांचा पाय काही केल्या थांबेना. खुर्चीखाली तो शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता.

खेळघर म्हणजे खेळण्यांचं वाचनालय. सभासद वर्गणी भरत आणि मुलांसाठी खेळणी घरी नेत. तात्यांची थोरली बहीण ती खेळणी देई-घेई, डागडुजीही करी. सभेत एक प्रथा होती. अडीअडचणीसाठी साठवलेल्या गंगाजळीचा आकडा तात्यांनी वाचला की सगळे टाळ्या वाजवत. आकडा दरवर्षी वाढे, टाळ्याही वाढत. त्या टाळ्यांची तात्यांना चटकच लागली होती. ताईने मोडक्या खेळण्यांसाठी चाकं मागितली की ते म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

आज सकाळी ताई म्हणाली होती, "आणखी नऊ घरांनी वर्गणी भरली नाही. तीन चाकांच्या सायकलीला दोनच चाकं, कोड्यांचे तुकडे गायब. पोरं येतील कशाला, तुझी गंगाजळी बघायला? असंच चाललं तर वर्षभरात कुलूप लागेल."

"तात्या, तुमचा विषय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तात्या उठले, खाली बसले, पुन्हा उठले. घसा खाकरून त्यांनी आकडा वाचला. टाळ्या सुरू झाल्या. तात्यांनी हात वर केला.

"थांबा जरा. एवढ्या पैशांत जागेचं तीन वर्षांचं भाडं निघेल. आपल्याला एका वर्षाचं पुरे. उरलेल्यातून खेळणी दुरुस्त करू, नवी आणू. मी फार आवळून धरलं. अडचण यायची वाट बघत बसलो, आणि ती माझ्यामुळेच आली."

तात्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

मागून सुतारमामांनी विचारलं, "म्हणजे आता टाळ्या वाजवायच्या की नाही?"

"आधी चाकं येऊ देत," ताई म्हणाली. खोलीत हशा पिकला आणि तात्यांच्या बाजूने एकेक करत हात वर झाले. अध्यक्षबाईंचा हात मात्र मांडीवरच होता.

"पुढच्या वर्षी आकडा खाली येईल, तात्या. अहवालात काय लिहायचं?"

"खाली आला, असं लिहायचं. आणि त्याखाली दुरुस्त सायकलींची संख्या."

बाईंनी क्षणभर विचार केला, मग हात वर केला. तात्या खाली बसले, पण पाय अजून हलतच होता. शेजारी बसलेल्या ताईने हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस कर. उद्या बाजारात चालायचंय."