तीनचं पोट

"मॅडम, खिडकी उघडीच राहू द्या. आत हवा येत न्हाई," साहेबराव सरांनी बाहेरूनच सांगितलं.

हवेचं निमित्त होतं. मागच्या खोलीत दर मंगळवारी नेमकं काय चालतं, ते त्यांना पाहायचं होतं.

भोकरदन तालुक्यातली ती चार खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. चौथीचा वर्ग साहेबराव सरांकडे होता; हीच पोरं दुसरीपासून त्यांच्याकडे होती. नोकरीची तेहतीस वर्षं झालेली, निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. आपल्या हाताखालून गेलेलं पोर वाचल्याशिवाय राहत नाही, असं ते अभिमानानं सांगत. रुखसार मात्र तीन वर्षं त्यांच्या हाती लागली नव्हती. याकूब पंक्चरवाल्याची ही मुलगी तोंडी विचारलं तर वर्गाच्या आधी उत्तर देई आणि फळ्यावरची ओळ वाच म्हटलं की चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राही. वहीत 'घर'चं 'धर' व्हायचं, 'भाजी'ची 'माजी' व्हायची. येत असून करत नाही, म्हणजे लबाड आहे, असं सरांचं ठरून गेलं होतं.

आणि या वेळच्या गणिताच्या चाचणीत तिला वीसपैकी सतरा गुण पडले होते. पेपर सोडवताना शेजारी वंदना मॅडम बसल्या होत्या.

वंदना मॅडम तालुक्याहून आठवड्यातून एकदा स्कुटीवर येणाऱ्या विशेष शिक्षिका. "याला डिस्लेक्सिया म्हणतात, सर," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पोरीची नजर चांगली हाय, डोकं तर लई चांगलं हाय. अक्षरांशी तेवढं जुळत न्हाई. शिकवायची रीत बदलावी लागती."

आळसाला इंग्रजी नाव दिलं की त्याचा आजार होतो, असं तेव्हा सरांच्या मनात आलं होतं.

आता खिडकीतून त्यांना दिसत होतं ते असं. ताटात बारीक वाळू पसरलेली. रुखसार वाळूत बोटानं 'घ' काढत होती आणि काढता काढता तोंडानं 'घ' म्हणत होती. मग मॅडमनी पुस्तकावर मधोमध फट कापलेला पुठ्ठा ठेवला. फटीतून एकच ओळ दिसे. रुखसार शब्द टाळ्या वाजवून तोडत होती, "का-प-सा-चं... शे-त." पलीकडे चिंचोक्यांचा ढीग पडला होता. मॅडम वाकून तिच्याशी हळू आवाजात काही बोलल्या आणि दोघी हसल्या.

हळू बोलायचं काय कारण? सरांनी त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना अर्ज लिहिला. विशेष शिक्षिका चाचणीत उत्तरं पुरवतात, चौकशी व्हावी.

केंद्रप्रमुख कामाच्या गर्दीतला माणूस. त्यांनी फोनवरच निकाल लावला. "सर, चौकशी कशाला? तुम्हीच घ्या ना परत पेपर. वाचून तेवढा दाखवा, येळ जरा जास्ती द्या. नियमात बसतंय ते."

सरांनी घरी बसून नवा पेपर काढला आणि कुलूप लावून कपाटात ठेवला. मंगळवारी मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "घ्या की. मी बाहेर लिंबाखाली बसते." त्या इतक्या सहज तयार झाल्या, याचाही सरांना संशय आला. त्यांनी रुखसारची कंपासपेटी उघडून पाहिली, पुठ्ठ्याची मागची बाजू पाहिली, चिंचोके दोनदा चाळवून पाहिले.

"बस. मी वाचतो, तू सोडव. एका शेतकऱ्यानं चौऱ्याऐंशी मोसंब्या सहा जणांत सारख्या वाटल्या. एकेकाला किती?"

रुखसारनं चिंचोक्यांना हात लावला नाही. ती खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "आधी दहा-दहा दिल्या. साठ गेल्या. राहिल्या चोवीस. मंग चार-चार." तिनं सरांकडे पाहिलं. "चौदा, सर."

सरांनी कागद उलटा धरला, जणू उत्तर त्यांच्याच कागदावरून तिला दिसलं असावं. पुढचं गणित त्यांनी पेपरातलं घातलंच नाही, तोंडाला येईल ते घातलं. तेही आलं. त्यापुढचंही आलं.

"आता लिही. छत्तीस."

इथे तिचा हात थांबला. "छत्तीस... आधी सहा ऐकू येतंय, पण लिहायचं आधी तीस," ती स्वतःलाच सांगत होती. "तीस आणि सहा." तिनं आकडा काढला, थांबली, खोडला. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "सर, तीनचं पोट कोणीकडं असतं?"

हा प्रश्न त्यांनी आधी ऐकला होता. याच शब्दांत. त्यांचा मुलगा कल्याण आठ वर्षांचा होता, ओट्यावर पाटी घेऊन बसला होता आणि त्यानं वर बघून विचारलं होतं, "आबा, तीनचं पोट कोणीकडं?" मास्तरचं पोर असून थट्टा करतो, असं वाटून त्यांनी लाकडी पट्टी त्याच्या बोटांवर मारली होती. "नाटकं करतो का?" नंतर कल्याणनं कधी काही विचारलं नाही. दहावीला दोनदा बसला, दोनदा नापास झाला आणि जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला. सणाला यायचा, जेवायचा, जायचा.

रुखसारनं तोवर तळहातावर बोट फिरवून पाहिलं होतं. उजवीकडे, परत उजवीकडे. तिनं ३६ लिहिलं आणि वही पुढे सरकवली. "बराबर हाय का, सर?"

"बराबर हाय," सर म्हणाले. "बिलकुल बराबर."

अर्ज त्यांनी लेखी मागे घेतला. 'माझी तक्रार चुकीची होती' एवढंच एक वाक्य लिहिलं. ते मॅडमना दाखवलं आणि निघता निघता विचारलं, "मोठ्या माणसाला शिकवता येतं का हे?"

"केवढ्या मोठ्या?"

"एकतीस वर्षांच्या."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोण, ते विचारलं नाही. "येतं, सर. येळ लागतो. पण त्याला आधी भरवसा वाटला पाहिजे."

रविवारी साहेबराव सर जालन्याला गेले. कल्याणची खोली कारखान्याच्या पाठीमागे होती. बायको माहेरी गेलेली, कल्याण एकटाच होता. दार उघडून तो दारातच उभा राहिला.

"आई बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग? फोन न करता कसं काय आल्ते?"

"असंच."

चार वर्षांत वडील या खोलीवर पहिल्यांदा आले होते. कल्याणनं त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "सही पाहिजे का कशावर? वावराचं असंल तर काकांना सांगा, मी काई वाचल्याबिगर..." तो मध्येच थांबला.

"सही नको मला," सर म्हणाले. पिशवीत घरचे लाडू होते, कल्याणच्या आईनं, तुळजाबाईनं दिलेले. ते त्यांनी खाटेवर ठेवले. "कल्याण, तू लहानपणी नाटकं करत नव्हतास. तुझं खरंच अक्षरांशी जुळत नव्हतं. मला कळलं न्हाई. मी मारलं तुला."

कल्याण बापाकडे बघत राहिला. यामागे काय आहे, ते तो शोधत होता.

"कोण म्हणलं तुम्हाला हे?"

"एक पोरगी हाय माझ्या वर्गात."

"आता काय करायचं त्याचं?" कल्याण म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कारखान्यात मला लोक बोर्ड वाच म्हणतात, मी चष्मा घरी राह्यला म्हणतो. नऊ वर्षं झाले. मला चष्मा न्हाईच."

कल्याणनं स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. कप देताना त्याच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग सरांना दिसले. त्यांनी मॅडमचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, फटीच्या पुठ्ठ्याचं सांगितलं. कल्याण ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बघू," आणि कप विसळायला उठला.

दुपारी तो त्यांना सोडायला मोटारसायकलवर बसस्थानकात आला. फलाटावर चार-पाच गाड्या उभ्या होत्या. समोरच, दहा पावलांवर, एका गाडीच्या काचेत पाटी होती. भोकरदन. सरांनी ती आल्या आल्या वाचली होती.

"थांबा आबा, कोणती लागली ते विचारून येतो," कल्याण म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत चौकशीच्या खिडकीकडे गेला.

रिकामी पिशवी घडी करून काखेत धरून साहेबराव सर पाटीकडे पाठ करून उभे राहिले, कल्याण परत येईपर्यंत.

"हीच हाय," कल्याण म्हणाला. "चढा. खिडकीजवळची जागा बघा."