पास झालेला रस्ता

रस्ते खात्यात ती कनिष्ठ इंजिनीअर होती. वरून परिपत्रक आलं की यापुढे शहरात कुठलाही रस्ता करताना त्यात चाळीस टक्के जुना माल वापरायचा. म्हणजे जुना रस्ता खरवडायचा, त्यातली खडी आणि डांबर दळून नव्यात मिसळायचं आणि पुन्हा अंथरायचं. डोंगर कमी फुटतील, डांबर कमी लागेल, धूर कमी होईल. कल्पना उत्तमच होती. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या सरकारी कागदावर सही करताना तिला आनंद झाला.

साहेबांनी पहिला मान दिला तो खात्याच्या फाटकापासून स्टेशनपर्यंतच्या मोठ्या रस्त्याला. पाहुणे त्याच रस्त्याने येत. आता त्यासाठी जुना माल कुठून आणायचा, एवढाच प्रश्न होता.

"शहरात जुन्या रस्त्यांना काय तोटा!" साहेब म्हणाले आणि त्यांनी बारा रस्त्यांची यादी तिच्या हातात ठेवली.

तिने बाराही ठिकाणचे नमुने काढून लॅबमध्ये नेले. लॅबवाला म्हणजे हातातली चाळणी खाली न ठेवणारा, कमी बोलणारा माणूस. चार दिवसांनी त्याने तिला बोलावून एकेक ट्रे दाखवला. एका रस्त्यात निम्म्या विटा निघाल्या होत्या, दुसऱ्यात नुसती माती. पाचव्यात चपलेचा तळवा होता, तोही लहान मुलाचा.

"याला रस्ता म्हणायचं?" लॅबवाला म्हणाला. "हा तर पंचनामा आहे."

अकरा नापास झाले. बारावा मात्र असा पास झाला की लॅबवाल्याने आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून चाचणी पुन्हा केली. खडी टणक, एकसारखी, धुतलेली. डांबर बेतशीर. त्याने अहवालात 'उत्कृष्ट' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बारावा रस्ता म्हणजे तिच्या वडिलांची गल्ली.

ती साहेबांकडे गेली. अहवाल वाचून साहेब खूश झाले. "झालं तर मग! हाच उकरायचा."

"साहेब, तो रस्ता चांगला आहे."

"म्हणूनच तर!"

"एकतीस वर्षांत एक खड्डा नाही पडला त्याला."

"खड्डेवाले नापास झालेत ना? मग मी काय करू? नापास माल घालू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण साहेबांचं म्हणणं नियमाला धरून होतं. शिवाय परिपत्रकावर तिनेही हौसेने सही केलेली होती.

संध्याकाळी ती अप्पांकडे गेली. अप्पा याच खात्यात रोलरचे ड्रायव्हर होते. ती गल्ली झाली तेव्हा रोलर त्यांनीच चालवला होता, आणि तो रस्ता इतका आवडला होता की पुढच्या वर्षी तिथलंच हे दोन खोल्यांचं घर घेतलं. लोक घर पाहून रस्ता मागतात, यांनी रस्ता पाहून घर घेतलं, असं आई शेवटपर्यंत सांगत असे.

अप्पा दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते.

"अप्पा, तुमचा रस्ता उकरणार आहेत."

"का? बिघडलाय?"

"नाही. चांगला आहे म्हणून."

अप्पांचा हात थांबला. आता आभाळ कोसळणार, म्हणून ती तयारीत उभी राहिली. भांडायचं झालं तर कुठे कुठे अर्ज करायचे याची यादीही तिने मनात केली होती.

"चांगला आहे असं कोण म्हणालं?" अप्पांनी विचारलं.

"लॅब म्हणाली."

"लेखी?"

तिने पर्समधून अहवालाची प्रत काढली. अप्पांनी हात पुसले, चष्मा लावला. "उत्कृष्ट कुठे लिहिलंय, दाखव." तिने बोट ठेवलं. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तेहतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "कुणी कधी 'बरा आहे' एवढंही नाही म्हणालं. आणि आता हे." त्यांनी कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "न्या म्हणावं."

तिची भांडायची तयारी वाया गेली.

खरवडायचं यंत्र आलं त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. समोरचा बेकरीवाला शिव्या देत होता, अप्पा मात्र नातवाची शर्यत बघायला आल्यासारखे खुर्ची टाकून बसले होते. यंत्राचे दात मोडू लागले. एक मोडला, दोन मोडले, सातवा मोडला तेव्हा यंत्रवाला खाली उतरला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "कुणी केला होता हो हा रस्ता?" अप्पांनी फक्त पायावर पाय टाकला.

तीन दिवसांत गल्ली गेली. राहिली ती ओबडधोबड माती. "आठ दिवसांत नवी करून देतो," साहेब म्हणाले.

मोठा रस्ता मात्र खरोखर सुरेख झाला. काळाभोर, सपाट. त्याला पर्यावरणाचं बक्षीसही मिळालं. समारंभाला ती अप्पांना घेऊन गेली. साहेबांनी माईक हातात घेतला. "जे टाकाऊ होतं," ते म्हणाले, "जो निव्वळ कचरा होता, त्यातून आम्ही हा रस्ता घडवला!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

अप्पा तिच्याकडे वळले. "टाकाऊ कुणाला म्हणाला गं?"

"बोलायची पद्धत असते, अप्पा."

"कागदावर तर उत्कृष्ट आहे."

"कागद वेगळा, भाषण वेगळं."

अप्पा उठले आणि चहा न घेता निघाले. आतापर्यंत जो राग आला नव्हता तो सगळा त्या एका शब्दावर निघाला.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. गल्ली करायची तर तिच्यातही चाळीस टक्के जुना माल हवा होता, आणि पास होईल असा जुना माल आता शहरात उरलाच नव्हता. जो होता तो मोठ्या रस्त्यात गेला होता. गल्लीत धुळीने दारं-खिडक्या बंद झाल्या. ती दिसली की बेकरीवाला मुद्दाम ओरडायचा, "या बाई, ताजा पाव घ्या! वरची धूळ फुकट!" मग एका सकाळी दूध आणायला निघालेल्या अप्पांचा पाय त्या खाचखळग्यांत मुरगळला आणि गुडघ्यापर्यंत सुजला.

त्या दिवशी तिने ऑफिसात बसून एक प्रस्ताव लिहिला. अगदी नियमाप्रमाणे, परिच्छेदांना आकडे घालून, सोबत नवा अहवाल जोडून. आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "हे काय आहे?"

"गल्लीसाठी जुना माल, साहेब. शहरात लॅबमध्ये पास होणारा आता एकच रस्ता आहे. आपला मोठा. तो खरवडायची परवानगी मागितली आहे."

"वेड लागलंय का तुम्हाला? त्याला बक्षीस मिळालंय!"

"हो साहेब. म्हणूनच तर."

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे हसू नव्हतं. प्रस्तावाची एक प्रत नियमाप्रमाणे वर जाते, हे दोघांनाही माहीत होतं आणि वरच्यांना नियम फार प्रिय होता. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि दहा मिनिटांत गल्लीसाठी 'विशेष बाब' म्हणून सूट मंजूर केली. संपूर्ण नवा माल. सूट द्यायचा जो कागद दोन महिने सापडत नव्हता तो त्यांच्याच खणात होता.

पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराची माणसं आली. दुपारपर्यंत डांबर पडलं, रोलर वरून एकदा गेला, एकदा आला आणि उभा राहिला. अप्पा पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसले होते. ती बाजूला चहा घेत होती. रस्ता झाला या समाधानात होती.

"कसा वाटतो?" तिने विचारलं.

"तीन वर्षं जाईल."

"एवढाच?"

"पण काळजी करू नकोस," अप्पा म्हणाले. "असला माल तुमच्या लॅबमध्ये जन्मात पास व्हायचा नाही. कुणी उकरून नेणार नाही."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. तिने कप ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेली. रोलरवाला सावलीत डबा उघडत होता. तिने वाकून डांबराजवळ हात धरला. अजून चांगलं गरम होतं, रोलर फिरला तर आणखी दबलं असतं.

"डबा बंद करा," ती म्हणाली. "काम व्हायचंय अजून."

"झालं की, बाई. कंत्राटदारांनी सांगितलंय दोन फेऱ्या."

"मी सांगते आहे. मी म्हणेन तोवर."

त्याने कंत्राटदाराला फोन लावला, कंत्राटदाराने साहेबांना. साहेबांचा तिला आला, तो तिने वाजू दिला. अर्ध्या तासाने रोलर पुन्हा सुरू झाला. ती भर उन्हात त्याच्या बाजूने चालत राहिली आणि बेकरीवाल्याने एक खुर्ची आणि पाण्याची बाटली दारात आणून ठेवली.