सोट्यांची खंडेनवमी

तरुणपणी मी बोटीवर खलाशी होतो, हे तिसगावात सगळ्यांना माहीत आहे. कारण ते मीच सांगितलंय. माझी बोट एका देवमाशानं पाठीवर घेऊन दुपारभर फिरवली, हेही माहीत आहे. शाळेतल्या नकाशावरचा निळा रंग सोडला तर मी समुद्र पाहिलेला नाही, एवढंच काय ते माहीत नाही.

म्हणून खंडेनवमीला बाजारतळावर फिरत्या संग्रहालयाची गाडी उभी राहिली, तेव्हा लोकांनी मलाच पुढं घातलं. आत काचेच्या कपाटात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लढाईचे सोटे होते. काळ्याभोर लाकडाचे, आणि अंगभर इतकं बारीक कोरलेलं, की मुंगीनं रस्ता चुकावा. गाडीबरोबर आलेली निकिता नावाची मुलगी सांगत होती, "हे फार जुने आहेत. कोणी कोरले, कोणाच्या हातात होते, कुणालाच माहीत नाही."

मच्छिंद्र मुकादम आपली ऊसतोड टोळी घेऊन आला होता. दसरा झाला की टोळी कारखान्याला निघायची. धुतलेले कोयते, झेंडू, हळदकुंकू, सगळा सरंजाम बरोबर.

"मॅडम, काच उघडा," तो म्हणाला. "हत्यारं हायेत ही. आज कुंकवाबिगर ठिवायची न्हाईत."

"अहो काका, ओलं कुंकू लागलं तर लाकूड खराब होईल. माझी नोकरी जाईल, आणि ही गाडी परत कुठल्याच गावात यायची नाही."

"आन् गावात हत्यार उपाशी ठिवून आमी कोयते उचलायचे व्हय? फडात कुनाचा हात कापला म्हंजी?"

टोळी पुढं सरकली. निकितानं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मला राहवेना.

"मच्छिंद्रा, थांब! त्या बेटावर मी राहून आलोय. तिकडं सोट्याला कुंकू लावलं की तो लढाईला उठतो. एकानं चुकून लावलं, तर सोट्यानं आधी त्यालाच बडवला, मग त्याच्या सासऱ्याला, मग दिवस मावळेपर्यंत सापडेल त्याला!"

टोळी मागं सरली.

"मग लावत्यात तरी काय?" टोळीतल्या सगळ्यात जुन्या राहीबाईनं विचारलं.

"समुद्राचं पाणी," मी ठोकून दिलं. तिसगावात समुद्र कोण आणतो!

राहीबाई घरी गेली. मी मिशीला पीळ देतोय तोवर तांब्या घेऊन हजर. "खडामीठ टाकलंय. चाखून बघा पुंजारामभाऊ, तुमच्या समुद्रावानी झालंय का."

चाखलं. "अगदी तसंच," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग उघड पोरी काच."

निकितानं माझ्याकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा कुंकू परवडलं असतं. मी तोंड उघडलं, तर आत एकही थाप शिल्लक नव्हती.

राहीबाई मात्र काचेशी उभी राहून सोट्यांशीच बोलत होती. "आमीबी मुलूख सोडून जातो, बाबांनो. पर उन्हाळ्यात माघारी येतो. कोयता दारामागं आपल्या खुंटीला लागतो. तुमाला कोन नेतंय माघारी?"

मुकादमानं पुढं केलेला कुंकवाचा हात मागं घेतला.

मग मला सुचलं. आणि ती थाप होती, असं मी आजही म्हणणार नाही.

"राहीबाई, वर ओतायचं नसतं ते. समोर ठेवायचं. सोट्यांना आपल्या गावची आठवण व्हावी, एवढ्यासाठी."

तिनं तांब्या काचेसमोर खाली ठेवला. त्याच्याभोवती टोळीनं कोयते मांडले, कुंकू फक्त कोयत्यांना लावलं. निकितानं किल्ली सोडली आणि एक झेंडू स्वतःच तांब्याशी ठेवला.

लोक पांगल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, खरंच असं करतात तिकडं?"

"तिकडचं मला काय ठाऊक? इकडं आजपासून करतात."

गाडी निघताना ती तांब्या परत द्यायला गेली, तर राहीबाईनं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ दे. गावोगाव पानी बदलत जा. मीठ इसरू नको."

तांब्यातलं पाणी चांगलं बोटभर उतरलं होतं.

"उकाडा," निकिता म्हणाली.

असेल. गावात सांगताना मी सोट्यांनी अर्धा तांब्या संपवला असं सांगतो; आणि खरं सांगू, या एका बाबतीत मला कमीच सांगितल्यासारखं वाटतं.