अर्ध्या वाटेवरच्या पेशी

"डोळे मिटा. कशाचा वास येतोय?"

मघाशी टेबलावर कप दिसला होता. मर्सीने अंदाज बांधला. "चहा."

"कॉफीची बाटली आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "बरं, मोगऱ्याचा वास कसा असतो?"

"छान."

"छान म्हणजे कसा?"

मर्सीने डोळे उघडले. सगळे छान म्हणत, म्हणून तीही म्हणत आली होती.

"मॅडम, आम्ही हिच्या पाळीसाठी आलोय," तिची आई मटिल्डा कुरकुरली. "सव्विसावं लागलं, एकदाही आली नाही. नाक कशाला तपासताय?"

मॅडमनी एमआरआय उजेडाकडे धरला. "पाळीचा हुकूम मेंदूतल्या थोड्याशा पेशी देतात. पण त्या जन्मतात नाकात. बाळ पोटात असतानाच वासाच्या नसांना धरून त्या मेंदूत जातात. कुठे धरायचं, कुठे सोडायचं, कुणीकडे वळायचं, हे पेशीच्या पटलावरच्या रेणूंमुळे त्यांना कळतं. त्यातला एखादा रेणू बिघडला की वासाची नस पोचत नाही आणि या पेशीही अर्ध्या वाटेवर थांबतात. हिचं तसंच झालेलं दिसतंय."

"माझ्या पोटात?" मटिल्डा खुर्चीत पुढे सरकली. "मी काय खाल्लं होतं तेव्हा?"

"तुमच्या खाण्याचा संबंध नाही."

"मूल होईल?" मर्सीने विचारलं.

"पाळी गोळ्यांनी येईल. मुलासाठी इंजेक्शनं असतात. बऱ्याच जणींना होतं. खात्री मात्र देणार नाही."

गोखिवऱ्यात रंगाच्या कारखान्यात मर्सी थिनरच्या खोलीत काम करायची. दुसरी कोणी तिथल्या उग्र वासात आठवडाभर टिकत नसे. सुपरवायझर सगळ्यांना सांगायचा, "मर्सीसारखं सोसायला शिका." सोसण्यासारखं तिथे काय आहे, हे तिला आज कळलं.

रिक्षात मटिल्डा कुजबुजली, "फेबियनला बोलू नकोस. रविवारी चर्चमध्ये तुमच्या लग्नाची घोषणा आहे."

"म्हणूनच त्याच्या आधी बोलणार."

संध्याकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर तिने फेबियनला गाठलं आणि आधी नाकाचं सांगितलं. तो एसी दुरुस्त करून थेट आला होता.

"माझ्या घामाचा वास येत नाही तुला?" तो हसला. "मग माझा फायदाच की!"

तीही हसली. मग तिने उरलेलं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच, काही न वगळता.

फेबियन बुटाने वाळू उकरत राहिला. "लग्नानंतर सांगितलं असतंस तर?"

"मग तुला नाही म्हणता आलं नसतं."

"मम्मीला विचारतो," तो म्हणाला.

रविवारपर्यंत त्याचा फोन आला नाही. प्रवचन झाल्यावर फादरनी ठरलेल्या लग्नांच्या घोषणा वाचल्या. कॅरल आणि जॉयल. विनी आणि गॉडफ्रे. मग फादर पुन्हा वेदीकडे वळले. पुढच्या बाकावर फेबियनची आई बसली होती, तिने मागे पाहिलं नाही. फेबियन आलाच नव्हता.

मटिल्डा पर्स घेऊन उठली. "चल घरी. सगळे बघतायत."

"बस आई. मिस्सा संपली नाही अजून."

मटिल्डा बसली. मर्सी प्रत्येक प्रार्थनेला मोठ्याने उत्तर देत राहिली. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली. फेबियनच्या आईने डावीकडे हात जोडले, उजवीकडे जोडले आणि क्षणभर थांबून मागे वळली.

मर्सी हात जोडून उभीच होती.

"तुम्हाला शांती लाभो," ती म्हणाली.