दोन किलो जास्त

मी बॅगा तोलायचा एक लहानसा काटा बोलतोय. वर मूठ, खाली हूक, मध्ये घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर लाल सुई. बॅग हुकाला अडकवायची, मुठीला धरून उचलायची आणि सुई थरथरायची थांबेपर्यंत दम धरायचा. एवढंच माझं शास्त्र.

माझं काम खरं सांगण्याचं. म्हणूनच बोलायला बसलो की धाकधूक होते, हे तरी मी नेमकं सांगतोय ना? शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

कारखान्यात एका बाईंनी मला आधी पाच किलो लावले, मग दहा, मग वीस. वजन काढल्यावर सुई शून्यावर परतली, तशी त्यांनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. माझ्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे. सुई शून्यावरून ढळली तर तो फिरवून ती जागेवर आणायची. जागेवरची सुईसुद्धा त्याच स्क्रूने ढळवता येते, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

मला विकत घेतलं ते निवृत्त प्राध्यापकांनी. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, दोघंच. मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात दूरच्या थंड देशात, विमानाने अकरा तासांवर. दर सुट्टीत बाई एकट्या तिकडे जात. सर त्यांना विमानतळावर पोचवत आणि महिन्याने आणायला जात. सर स्वतः कधीच विमानात बसले नव्हते. दर वर्षी काही ना काही निघे: कधी पेपर तपासणी, कधी गुडघा, कधी गच्चीची गळती.

माझा मुक्काम गाडीच्या खणात, बाईंच्या गुडघ्यांसमोर. तिथून सगळी बोलणी कानावर पडत. सर गाडी चाळिसाच्या वर नेत नसत. निघण्याआधी आरसा तीनदा नीट करत. वळण येऊन गेलं तरी इंडिकेटर टिकटिकत राही.

"अहो, मागचा केव्हाचा हॉर्न वाजवतोय."

"वाजवू दे. घाई त्याला आहे, मला नाही."

"आत्ता सायकलवाला पुढे गेला आपल्या."

"तरुण आहे तो."

मग बाई हसत आणि समोर कुणी आडवं आलं की स्वतःच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत.

सुट्टीची खरेदी म्हणजे माझे मानाचे दिवस. आमच्या घरी भेटवस्तू आधी तोलत, मग आवडून घेत. सर दुकानात खिशातून मला काढत आणि पिशवी अडकवत. खेळण्यांच्या दुकानातली मुलगी एकदा म्हणाली, "सर, अहो बाहुली आहे ती, बटाटे नाहीत!"

"सातशे ग्रॅम," सर म्हणाले. "हिची पातळ बहीण आहे का?"

त्या वर्षी मुलीने हट्टच धरला. न विचारता दोघांची तिकिटं काढून पाठवली. नातीने फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही नुसते फोनमध्येच राहता का?" सर हसले, पण नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले. तिकिटं अशी होती की दोघांत मिळून एकच मोठी बॅग, तेवीस किलोंची. हातात एकेक छोटी पिशवी.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाई अंघोळीला गेल्या होत्या. सरांनी मला टेबलावर पालथं घातलं आणि चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवला. माझी सुई शून्यावरून सरकली आणि रिकाम्या पोटी दोनावर जाऊन बसली. मला वाटलं, माझीच स्प्रिंग गेली असेल. दोष आधी स्वतःत शोधायची मला सवय आहे.

बाई आल्या तेव्हा बॅग हुकाला लावून तयार होती. रिकामा काटा त्यांना दिसलाच नाही.

"पंचवीस," सर म्हणाले. "दोन किलो जास्त."

"अगबाई! काल तर बसत होतं की सगळं."

"अगं, दोघांचे कपडे म्हटल्यावर असंच होणार. एकाचे काढले तर प्रश्न सुटेल. मी काय म्हणतो, तूच जा. मी पुढच्या वर्षी…"

तर हा बेत होता. विमानाची भीती वाटते हे सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून माझ्या तोंडून वदवून घेत होते.

बाईंनी क्षणभर बॅगेकडे पाहिलं. "एकाचेच काढायचे ना? मग माझे काढते." आणि त्यांनी स्वतःचा जाड लोकरीचा कोट आणि बूट बाहेर काढले. "मी लेकीचे घालीन. तुम्हाला होणार आहेत का तिचे?"

प्रबंधाच्या परीक्षकांना गप्प करणारा माणूस, पण त्या कोटापुढे हरला.

दुसऱ्या दिवशी विमान दुपारचं होतं, तरी सरांनी सकाळीच गाडी काढली. विमानतळ तासाभरावर, आम्ही निघालो साडेपाच तास आधी. बाईंच्या अंगावर पातळ स्वेटर होता. त्या मजेत बोलत होत्या. विमानात जेवण कसं कोंबून देतात, शेजारचा कसा खांद्यावर डोकं टाकून झोपतो, उतरायच्या आधीच माणसं उठून कशी ताटकळतात. गाडी चाळिसावरून तिसावर आली, मग विसावर.

"अहो, आता पायी जाणारे पुढे जातील."

सरांनी गाडी कडेला घेतली. "बॅग एकवीसच आहे," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "मी काट्याचा स्क्रू फिरवला होता."

बाईंनी खण उघडून मला बाहेर काढलं. सुई रिकामीच दोनावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या मुक्या जिवाला खोटं बोलायला लावलंत?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "गाडी वळवा."

गाडी घरी परतली. बाई आत जाऊन कोट आणि बूट घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"आता खरं सांगा. यायचं नसेल तर राहा. मी रागावणार नाही. पण काट्यामागे लपू नका."

"भीती वाटते गं," सर म्हणाले. "गाडीचं निदान चाक माझ्या हातात असतं. तिथे कोण चालवतो त्याचा चेहराही दिसत नाही."

"मलाही वाटते."

"तुला?"

"दर वर्षी. वर चढताना डोळे मिटून पाढे म्हणते. एकोणतिसाचा नेहमी चुकतो."

सर बाईंकडे बघतच राहिले. अकरा तास जायचे, अकरा तास यायचे, आणि इतकी वर्षं शेजारी कुणी अनोळखी. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला, सुई शून्यावर आणली आणि या वेळी आधी रिकामा काटा बाईंना दाखवला. मग कोट आणि बूट आत गेले. बॅग उचलली. तेवीसला अगदी थोडी कमी.

"एकोणतिसाचा मी म्हणतो," सर म्हणाले आणि दाराला कुलूप लावलं.

विमानात मी सरांच्या कोटाच्या खिशात होतो. वर चढताना सरांचा उजवा पाय जमिनीवर सारखा ब्रेक दाबत होता. पाढा दोघांनी मिळून म्हटला, आणि एकोणतीस सत्ते दोघांचंही चुकलं. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. मग बाईंना हसू आवरेना आणि हसता हसता ढगही खाली गेले.

आता मी नातीच्या घरी असतो. सर आणि बाई परतताना तिने मला सोडलंच नाही. तिने माझ्यावर चमचे तोलले, बाहुली तोलली, बापाचा बूट तोलला. निघायच्या दिवशी तिने माझा हूक सरांच्या करंगळीत अडकवला आणि दोन्ही हातांनी मूठ वर ओढली.

"आजोबा, हलू नका!" तिने तबकडीत डोळा घातला. "चार किलो! आई, आजोबा चारच किलोंचे आहेत. बॅगेत बसतात. पुढच्या वेळी पण आणायचे!"

सरांनी ते वजन तपासून पाहिलं नाही. पुढच्या सुट्टीचीही तिकिटं निघालीत, असं परवा फोनवर ऐकलं. तेव्हा एवढंच मागणं आहे, कुणी मला दुरुस्तीला नेलंच, तर माझं तेवढं एक, आजोबांचं चार किलोंचं, वजन चुकीचं म्हणून खोडू नका.